अमेरिकेच्या राज्यघटनेतील ब्रिटिश धागे कसे उलगडावेत

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणाच्याही वहीत भारतीय संविधानाने काय कोठून घेतले याचा एक तक्ता हमखास सापडतो : संसदीय शासनपद्धती ब्रिटनकडून, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून. पाठांतराला हा तक्ता सोयीचा आहे आणि एका गुणाच्या प्रश्नापुरता खराही आहे. मात्र त्यातल्या दुसऱ्या ओळीपाशी थांबून ‘मग अमेरिकेने हे हक्क कोठून आणले?’ असे विचारले, की वाट पुन्हा लंडनकडेच वळते. ज्या तेरा वसाहतींनी ब्रिटिश राजाविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांनीच आपले राज्य उभारताना ब्रिटिश कायद्यांतली वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी उतरवून घेतली. ही वाक्ये कशी हुडकावीत, ती प्रवासात कोठे बदलली हे कसे ओळखावे आणि कोणत्या ठिकाणी घाईने निष्कर्ष काढू नये, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अमेरिकेने १७८७ साली जे ब्रिटन समोर ठेवले, ते १७८७ सालचे ब्रिटन नव्हते. ते प्रामुख्याने सतराव्या शतकातले, राजा आणि संसद यांच्या झगड्यातून तावूनसुलाखून निघालेले इंग्लंड होते. लंडनमधले राजकारण दरम्यान पुष्कळ पुढे सरकले होते, पण वसाहतींच्या मनातले चित्र जुनेच राहिले होते. हा कालभेद विसरला तर निम्म्या तुलना चुकतात.

कोणते कागद जवळ ठेवावेत

ब्रिटिश बाजूला चार दस्तऐवज पुरतात : १२१५ सालची मॅग्ना कार्टा ही सनद, १६२८ सालचा हक्कांचा अर्ज म्हणजे ‘पिटिशन ऑफ राइट’, १६८९ सालचे ‘बिल ऑफ राइट्स’ आणि १७०१ सालचा ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’. अमेरिकी बाजूला जून १७७६ मधला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा, त्याच वर्षीच्या जुलैमधला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ ची राज्यघटना आणि १७९१ मध्ये अमलात आलेल्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या घ्याव्यात. हे सगळे कागद इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि नावाच्या दबदब्याच्या मानाने फारच छोटे आहेत. मूळ सात कलमांची अमेरिकी राज्यघटना साधारण साडेचार हजार शब्दांची आहे आणि एका दुपारी ती वाचून होते. आपल्या भारतीय संविधानाची सवय असलेल्या वाचकाला ती जवळजवळ अपुरी वाटते.

याखेरीज १७८७ ची राज्यघटना जेथे लिहिली गेली, त्या फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत जेम्स मॅडिसन या प्रतिनिधीने रोज लिहून ठेवलेली टिपणे हाताशी असावीत. परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात बंद दाराआड चालली. एखादा शब्द कलमात कोणी आणि कशासाठी घातला, हे या टिपणांवरूनच कळते.

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : ब्रिटिश मूळ, मधला टप्पा, अमेरिकी कलम आणि बदल. बहुतेक जण पहिला आणि तिसरा रकाना भरतात आणि काम झाले असे मानतात. दुसरा आणि चौथा रकाना रिकामा राहिला, तर आपण फक्त साम्याची यादी केली, इतिहास शोधला नाही, असे समजावे.

एका ओळीपासून सुरुवात करावी

सरावासाठी आठवी घटनादुरुस्ती सर्वांत सोयीची आहे, कारण ती एकाच वाक्याची आहे : अवाजवी जामीन मागितला जाणार नाही, अवाजवी दंड बसवला जाणार नाही, आणि क्रूर व विपरीत शिक्षा दिल्या जाणार नाहीत. आता १६८९ चे बिल ऑफ राइट्स उघडावे आणि जामिनाविषयीचे वाक्य शोधावे. तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत सापडतात. मधल्या रकान्यात व्हर्जिनियाचा १७७६ सालचा जाहीरनामा येतो. त्याच्या नवव्या परिच्छेदात हेच वाक्य आहे आणि त्या जाहीरनाम्याचा मुख्य मसुदाकार जॉर्ज मेसन होता.

इतक्यावर थांबू नये. तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून शब्दन् शब्द ताडून पाहावा. १६८९ मध्ये ‘ऑट नॉट’ असे शब्द आहेत, म्हणजे ‘मागितला जाऊ नये’. व्हर्जिनियातही ‘ऑट नॉट’च आहे. १७८९ मध्ये मॅडिसनने दुरुस्त्यांचा मसुदा मांडला तेव्हा मात्र त्याने तेथे ‘शॅल नॉट’ घातले, म्हणजे ‘मागितला जाणार नाही’. मराठीत ‘करू नये’ आणि ‘करता येणार नाही’ यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर आहे. पहिल्यात उपदेश आहे, दुसऱ्यात मनाई.

हा बदल सहज झालेला नाही. ८ जून १७८९ रोजी प्रतिनिधीगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, केलेल्या भाषणात मॅडिसनने स्पष्ट सांगितले, की ब्रिटनमधला हक्कांचा जाहीरनामा राजसत्तेपुढे बांध घालतो, विधिमंडळाची सत्ता मात्र तो मोकळीच ठेवतो. १६८९ मध्ये हक्क मागणारी संसद होती आणि ज्याच्याकडून मागायचे तो राजा होता; त्यामुळे संसदेने स्वतःला बांधून घेण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत मनाई खुद्द विधिमंडळाला केली गेली. म्हणजे वाक्य इंग्लंडचे राहिले, पण ते ज्याच्या विरोधात उभे होते तो बदलला. चौथ्या रकान्यात नेमके हेच लिहायचे असते. पुढची प्रत्येक तुलना याच पद्धतीने केली, तर ‘अमेरिकेने ब्रिटनची नक्कल केली’ आणि ‘अमेरिकेने ब्रिटन झुगारले’ ही दोन्ही विधाने सारखीच उथळ वाटू लागतात.

याच रीतीने देशद्रोहाचे कलम तपासून पाहावे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात देशद्रोहाची व्याख्या आहे : संघराज्याविरुद्ध युद्ध पुकारणे, किंवा त्याच्या शत्रूंना सामील होऊन त्यांना मदत व आधार देणे. ही भाषा तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ सालच्या कायद्यातली आहे, म्हणजे परिषदेच्या वेळी ती चारशे छत्तीस वर्षे जुनी होती. परंतु त्या कायद्यातला सर्वांत घातक भाग, राजाच्या मृत्यूची कल्पना करणे हाही देशद्रोह, अमेरिकनांनी वगळला. दोन साक्षीदारांची अट १६९६ च्या इंग्रजी कायद्यातही होती. तेथे एक साक्षीदार एका कृतीचा आणि दुसरा दुसऱ्या कृतीचा चालत असे. अमेरिकेने दोघेही एकाच उघड कृतीचे साक्षीदार असावेत, अशी अट घातली.

मधला टप्पा : सनदा आणि वसाहतींची सभागृहे

इंग्लंड आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षांचा वसाहतींचा व्यवहार आहे. फिलाडेल्फियात जमलेल्या पंचावन्न प्रतिनिधींपैकी कित्येकांनी वसाहतींच्या किंवा नंतर राज्यांच्या सभागृहांत स्वतः काम केले होते. त्यांना ब्रिटिश कल्पना ग्रंथांतून कळल्या तशाच, किंबहुना अधिक, रोजच्या कामकाजातून कळल्या होत्या.

हा टप्पा शोधताना सनदांपासून सुरुवात करावी. १६०६ च्या व्हर्जिनिया कंपनीच्या सनदेत राजाने लिहून दिले, की वसाहतीत राहणाऱ्यांना आणि तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रजाजनांचे सर्व हक्क असतील. पुढे दीडशे वर्षांनी करांच्या वादात वसाहतींनी जो मुद्दा लावून धरला, त्याचे बीज या एका वाक्यात आहे. ‘आम्हाला नवे हक्क द्या’ असे ते म्हणतच नव्हते. ‘इंग्रज म्हणून आमचे जे आहे ते द्या’ असे त्यांचे म्हणणे होते. १६१९ मध्ये जेम्सटाउनला व्हर्जिनियाची निवडून आलेली सभा प्रथम भरली. मॅसॅच्युसेट्स बेची १६२९ ची सनद तर व्यापारी कंपनीची होती : गव्हर्नर, त्याचे सहायक आणि भागधारकांची ‘जनरल कोर्ट’ म्हणजे सर्वसाधारण सभा. कंपनीने ती सनदच उचलून अमेरिकेला नेली आणि भागधारकांची सभा वसाहतीचे विधिमंडळ झाली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचे अधिकृत नाव आजही जनरल कोर्ट हेच आहे. व्यापारी कंपनीच्या सनदेतून राज्यकारभार उगवण्याचा प्रकार भारतीय वाचकाला नवा नाही, फक्त आपल्याकडे तिचे फळ निराळे निघाले.

सनद आणि राज्यघटना यांचे नाते किती जवळचे होते, हे कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड येथे दिसते. १७७६ नंतर इतर राज्यांनी नव्या घटना लिहिल्या, पण या दोघांनी दुसऱ्या चार्ल्स राजाने दिलेल्या सनदांतला राजा तेवढा वगळला आणि त्याच सनदांवर कारभार चालू ठेवला, कनेक्टिकटने १८१८ पर्यंत आणि ऱ्होड आयलंडने १८४३ पर्यंत. सत्ता कागदावर लिहून दिलेली असते, तिच्या मर्यादा त्या कागदावरून ठरतात, ही सवय वसाहतींना सनदांनी लावली. ब्रिटनला स्वतःची लिखित राज्यघटना नसताना तिच्या वसाहतींना लिखित घटनेवाचून चालेना, हे कोडे येथे उलगडते.

न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे कायदा घटनेला धरून आहे का हे न्यायालयाने तपासण्याचा, धागाही येथेच सापडतो. वसाहतीच्या सभेने केलेला कायदा इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत असेल, तर लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचे सल्लागार मंडळ, तो रद्द करू शकत असे, आणि वसाहतींतल्या न्यायालयांवरची अपिलेही तिच्याकडेच जात. ताई महाराज प्रकरणात १९१५ साली ज्या प्रिव्ही कौन्सिलने लोकमान्य टिळकांच्या बाजूने निकाल दिला, तीच ही संस्था. कायद्याच्या वर दुसरा मोठा कायदा असू शकतो आणि तो लावून लहान कायदा निकामी करता येतो, हे वसाहतींतल्या वकिलांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. १८०३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्बरी खटल्यात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यातले एक कलम घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ती कल्पना आकाशातून पडली नव्हती. सर एडवर्ड कोक या इंग्रज न्यायाधीशाचा १६१० सालचा डॉ. बोनहॅम खटल्यातला निकाल, म्हणजे न्यायबुद्धीला सोडून असलेला संसदेचा कायदाही न्यायालय निकामी ठरवू शकते हे मत, या संदर्भात नेहमी सांगितला जातो. इंग्लंडमध्ये तो विचार संसदेच्या सार्वभौमत्वापुढे मागे पडला, अमेरिकेत मात्र रुजला.

गाऱ्हाण्यांवरून मागे जावे

घटनेतल्या कलमाचे मूळ सापडत नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मधला भाग काढावा. प्रस्तावनेतली सुंदर वाक्ये सर्वांना ठाऊक असतात. त्यानंतर येणारी राजाविरुद्धच्या सत्तावीस आरोपांची जंत्री फारसे कोणी वाचत नाही. खरा माल तेथेच आहे. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सची सुरुवातही दुसऱ्या जेम्स राजावरच्या आरोपांच्या जंत्रीनेच होते. आधी राजाचे अपराध मोजायचे, मग त्यावरून आपले हक्क सांगायचे, ही रीतच इंग्रजी आहे. राजाविरुद्ध बंड करतानाही वसाहतींनी बंडाची इंग्रजी पद्धत सोडली नाही.

आता न्यायाधीशांविषयीचा आरोप पाहावा : राजाने न्यायाधीशांची नोकरी आणि पगार आपल्या एकट्याच्या मर्जीवर ठेवला. इंग्लंडमध्ये हा प्रश्न १७०१ च्या कायद्याने मिटवला होता. तेथे न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहत आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विनंती केली तरच त्यांना काढता येत असे. वसाहतींतल्या न्यायाधीशांना हे संरक्षण मिळाले नाही. तक्रार मुळात अशी होती, की इंग्लंडमधल्या इंग्रजाला जे मिळते ते अमेरिकेतल्या इंग्रजाला का नाही. तिसऱ्या कलमात ‘सद्वर्तन असेपर्यंत’ हे शब्द आणि पदावर असताना पगार कमी न करण्याची हमी आली ती या वाटेने. भारतीय वाचकाने येथे आपल्या संविधानाचा अनुच्छेद १२४ जरूर उघडावा. न्यायाधीशाला काढण्यासाठी दोन्ही सभागृहांचे समावेदन, म्हणजे विनंती, लागते, ही १७०१ ची तरतूद अमेरिकेने घेतली नाही, आपण घेतली.

सैनिकांविषयीचे आरोपही असेच वाचावेत. शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय खडे सैन्य ठेवू नये, हे १६८९ चे तत्त्व. लोकांच्या घरांत सैनिक उतरवल्याची तक्रार १६२८ च्या अर्जातही होती आणि १६८९ मध्येही. १७६५ आणि १७७४ च्या कायद्यांनी वसाहतींवर सैनिकांच्या निवासाचा भार टाकला, तेव्हा जुनीच जखम उघडी झाली. तिसरी घटनादुरुस्ती तेथून आली. सैन्यासाठीची आर्थिक तरतूद दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी करता येणार नाही, ही पहिल्या कलमातली अटही त्याच भीतीतून आली. ब्रिटनमध्ये सैन्याच्या शिस्तीचा कायदा संसद दरवर्षी नव्याने मंजूर करी.

झडतीविषयीच्या चौथ्या दुरुस्तीमागे दोन समकालीन धागे एकत्र आले आहेत. लंडनमध्ये सरकारवर टीका करणारे लेखक जॉन विल्क्स आणि जॉन एन्टिक यांच्यावरील कारवाईत काढलेली मोघम वॉरंटे १७६० च्या दशकात न्यायालयांनी बेकायदा ठरवली, आणि त्याच दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये जेम्स ओटिसने जकात अधिकाऱ्यांच्या सरसकट झडतीच्या अधिकाराविरुद्ध युक्तिवाद केला. एन्टिकच्या खटल्याचा निकाल देणारे लॉर्ड कॅमडेन आणि विल्क्स हे दोघे अमेरिकेत इतके लोकप्रिय झाले, की न्यू जर्सीतले कॅमडेन आणि पेनसिल्व्हेनियातले विल्क्स-बॅरी ही गावे आजही त्यांची नावे मिरवतात.

८ सप्टेंबर १७८७ : महाभियोगाचा शब्द कसा ठरला

एखादी कल्पना परिषदेत प्रत्यक्ष कशी उतरली हे जवळून पाहायचे असेल, तर मॅडिसनच्या टिपणांतला ८ सप्टेंबरचा दिवस वाचावा. मराठी वाचकाला त्यात ओळखीचे नाव भेटते. राष्ट्राध्यक्षावर महाभियोग कशासाठी चालवता यावा, याची चर्चा चालू होती आणि मसुद्यात देशद्रोह व लाचखोरी एवढेच होते. जॉर्ज मेसनने हरकत घेतली : एवढ्याने भागणार नाही, वॉरन हेस्टिंग्जचा अपराध देशद्रोहात बसत नाही.

हेस्टिंग्ज म्हणजे बंगालचा गव्हर्नर जनरल. त्याच्याच कारकिर्दीत पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. मेसन बोलत होता त्याच्या चार महिने आधी, मे १७८७ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने खासदार एडमंड बर्कच्या पुढाकाराने हेस्टिंग्जवर महाभियोग ठेवला होता. बनारसचा राजा चैतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्याशी केलेल्या वागणुकीवरून लंडनमध्ये उठलेला वाद अशा रीतीने फिलाडेल्फियाच्या सभागृहात पोहोचला.

मेसनने ‘गैरकारभार’ हा शब्द घालावा अशी सूचना केली. मॅडिसनने ती नाकारली. इतका सैल शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्षाची मुदत सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या मर्जीवर अवलंबून राहील, असे त्याचे म्हणणे होते. मग मेसनने तो शब्द मागे घेऊन त्या जागी ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ हा शब्दप्रयोग सुचवला, आणि तो आठ राज्यांविरुद्ध तीन अशा मतांनी मंजूर झाला. हा प्रयोग मेसनने त्या दुपारी घडवलेला नव्हता. सफोकचा अर्ल मायकेल द ला पोल याच्यावर १३८६ मध्ये महाभियोग चालला तेव्हापासून तो इंग्लंडच्या संसदेत वापरात होता, आणि इंग्रजी कायदा शिकलेल्या वकिलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आता चौथा रकाना भरावा. इंग्लंडमध्ये महाभियोग मंत्र्यांवर आणि अधिकाऱ्यांवर चालत असे, राजावर कधीच नाही. अमेरिकेत तो थेट राष्ट्रप्रमुखावर चालू शकतो. लॉर्ड्स सभागृह साध्या बहुमताने दोषी ठरवू शके आणि देहदंडापर्यंत कोणतीही शिक्षा देऊ शके. सिनेटला उपस्थितांचे दोन-तृतीयांश मत लागते आणि तिला पदावरून दूर करणे व पुढे पद मिळू न देणे यापलीकडे जाता येत नाही. हेस्टिंग्जचा खटला फेब्रुवारी १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला, सात वर्षे रेंगाळला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. १८०६ मधल्या लॉर्ड मेलव्हिलच्या खटल्यानंतर ब्रिटनमध्ये महाभियोग चाललाच नाही. ज्या देशाकडून हत्यार घेतले त्याने ते माळ्यावर टाकले, आणि ज्याने घेतले तो अजून परजतो आहे.

कोणते ब्रिटन, हा प्रश्न दर वेळी विचारावा

आरंभी सांगितलेला कालभेद सर्वांत ठळकपणे दिसतो तो मंत्र्यांच्या बाबतीत. १७०१ च्या कायद्यात एक कलम असे होते, की राजाकडून लाभाचे पद घेतलेला माणूस कॉमन्सचा सभासद असू शकणार नाही. पदे वाटून राजा सभासद विकत घेतो, या संशयातून ते आले. ते अमलात येण्याआधीच ब्रिटनने मागे घेतले आणि मंत्री कॉमन्समध्ये बसू लागले. पुढची सारी मंत्रिमंडळ पद्धती त्या माघारीवर उभी आहे. अमेरिकेने मात्र पहिल्या कलमाच्या सहाव्या विभागात टाकून दिलेले तेच कलम जपले : संघराज्याचे पद धारण करणारा कोणीही काँग्रेसचा सभासद असणार नाही. म्हणून अमेरिकेत मंत्री सभागृहात प्रश्नांची उत्तरे देताना दिसत नाहीत. आपण ब्रिटनची पुढची आवृत्ती घेतली, तरी आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून गाजणारा ‘लाभाचे पद’ हा शब्द अनुच्छेद १०२ मध्ये त्याच जुन्या संशयाची खूण म्हणून उरला आहे.

नकाराधिकाराची गोष्ट याहून मजेशीर आहे. ब्रिटनमध्ये राजसत्तेने संसदेच्या विधेयकाला संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, ॲन राणीच्या काळातला. म्हणजे १७८७ मध्ये लंडनमध्ये तो अधिकार वापरातून गेलेला होता. मग राष्ट्राध्यक्षाला तो कोणाच्या उदाहरणावरून दिला? पुन्हा जाहीरनाम्याकडे वळावे. राजावरचा पहिलाच आरोप आहे, की त्याने लोकहिताच्या कायद्यांना संमती नाकारली. लंडनमध्ये निजलेला अधिकार वसाहतींत राजा आणि त्याचे गव्हर्नर रोज वापरत होते. अमेरिकनांनी तो अनुभवातून उचलला आणि दोन-तृतीयांश बहुमताने मोडता येईल अशा बेताने ठेवला. अर्थविषयक विधेयके प्रतिनिधीगृहातच मांडली जावीत, ही तरतूद कॉमन्सच्या सतराव्या शतकातल्या हट्टातून आली, पण सिनेटला त्यात दुरुस्ती करण्याची मुभा देऊन तीही सौम्य केली गेली.

सत्ताविभाजनाच्या बाबतीत वाट जरा वाकडी आहे. या तत्त्वाचे श्रेय माँटेस्क्यू या फ्रेंच लेखकाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु १७४८ च्या ग्रंथातले त्याचे प्रसिद्ध प्रकरण इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेवर आहे, आणि त्याने रेखाटलेले इंग्लंड प्रत्यक्षातल्या इंग्लंडपेक्षा कितीतरी नेटके आहे. अमेरिकनांनी ते नेटके चित्र खरे मानून त्यावर घर बांधले. अशा ठिकाणी पहिल्या रकान्यात ‘इंग्लंड, फ्रेंच चष्म्यातून’ असे लिहिण्यास संकोच करू नये.

ग्रंथकारांच्या बाबतीत सावध राहावे

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचे नाव घेतल्याशिवाय या विषयावरचा एकही लेख पूर्ण होत नाही आणि बहुतेक लेख ते नाव घेऊनच संपतात. लॉकचा प्रभाव खरा आहे, पण तो दाखवण्यासाठी ‘नैसर्गिक हक्क’ हा मोघम शब्द पुरेसा नाही. त्यापेक्षा ‘अ लाँग ट्रेन ऑफ ॲब्यूझेस’, म्हणजे अत्याचारांची लांबच लांब मालिका, हे शब्द शोधावेत. शासनावरच्या लॉकच्या दुसऱ्या प्रबंधात, २२५ व्या परिच्छेदात, ते आहेत आणि १७७६ च्या जाहीरनाम्यातही आहेत. एकदोन चुकांनी लोक उठत नाहीत, मालिका झाली की उठतात, हा लॉकचा युक्तिवाद जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने शब्दांसकट घेतला. याउलट घटनेच्या रचनेत, म्हणजे सिनेट, न्यायालये, महाभियोग यांत, लॉक फारसा सापडत नाही. तेथे इंग्रजी कायद्यावरची ब्लॅकस्टोनची भाष्ये अधिक उपयोगी पडतात. १७७५ मध्ये बर्कने संसदेत सांगितले होते, की या भाष्यांच्या इंग्लंडमध्ये जितक्या प्रती खपल्या, जवळजवळ तितक्याच अमेरिकेत खपल्याचे त्याच्या कानावर आले आहे.

लॉकविषयी आणखी एक नोंद वहीत असावी. १६६९ मध्ये कॅरोलिना वसाहतीसाठी तयार झालेल्या घटनेच्या कामात त्याचा हात होता, आणि त्या घटनेने प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामांवर संपूर्ण सत्ता दिली होती. ‘इंग्रजांचे हक्क’ या शब्दप्रयोगातले इंग्रज कोण, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. १७८७ च्या घटनेत गुलाम हा शब्द नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी आहे आणि पळालेल्यांना परत करण्याचे कलमही आहे.

जे नाकारले तेही नोंदवावे

कित्येक कलमांचे मूळ ब्रिटनमध्ये असते, पण उलट्या बाजूने. सरदारकीचे किताब देता येणार नाहीत, खटला न चालवता कायदा करून कोणाला शिक्षा करता येणार नाही, देशद्रोह्याच्या वारसांना त्याच्या अपराधाची झळ लागणार नाही, पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही : यांतली प्रत्येक मनाई इंग्लंडमधल्या एखाद्या चालू किंवा नुकत्याच मागे पडलेल्या रिवाजाकडे बोट दाखवते. शेवटच्या मनाईचा रोख १६७३ च्या टेस्ट ॲक्टवर होता, जो ब्रिटनमध्ये १८२८ पर्यंत टिकला. सर्वांत मोठा नकार संसदेच्या सार्वभौमत्वाला होता. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणारा स्टँप ॲक्ट मागे घेताना १७६६ मध्ये संसदेने वसाहतींना ‘सर्वच बाबतींत’ बांधून घेण्याचा आपला अधिकार कायद्याने जाहीर केला होता. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने अंतिम सत्ता कोणत्याही सभागृहाकडे न देता लिखित घटनेकडे आणि ती मंजूर करणाऱ्या जनतेकडे ठेवली.

काही कलमांसमोरचा पहिला रकाना मात्र भरत नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. परिषदेने ते दीर्घ वादानंतर, शेवटच्या आठवड्यांत तडजोड म्हणून घडवले आणि त्याचे ब्रिटिश मूळ ओढूनताणून दाखवता येईलही, पण मॅडिसनच्या टिपणांत त्याला आधार मिळत नाही. अशा ठिकाणी रकाना कोरा सोडावा आणि पुढच्या कलमाकडे वळावे.